जळक्या वासाची पूर्वसूचना

मोटारीत जळक्या रबराचा वास आला की आपण काच खाली करतो आणि पुढे निघतो. रोजमेळातील लहानसा फरकही व्यापारी दुसऱ्या दिवसावर ढकलत नाही. तीच दक्षता येथे हवी.

वास केव्हा येतो, हे प्रथम पाहावे. घाट चढताना क्लच अर्धवट दाबून ठेवला, तर तो घसरून तापतो; पाय तेथून पूर्णपणे काढावा. इंजिन सुरू करताच किंचाळल्यासारखा आवाजही येत असेल, तर पट्टा सैल वा झिजलेला असण्याचा संभव असतो. तो कारागिराकडून बदलून घ्यावा. एकाच चाकाजवळ धग जाणवल्यास तेथील ब्रेक अडकलेला असू शकतो.

बोरघाटासारखा उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा. सतत दाबलेले ब्रेक तापून पकड गमावतात. अशा वेळी सुरक्षित जागी थांबून ते आपोआप निवू द्यावेत, पाणी ओतू नये.

वायर जळाल्यासारखा उग्र वास वा धूर येताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. प्रथम मुलांना व वडीलधाऱ्यांना उतरवून दूर न्यावे. बॉनेट उघडू नये. हवा लागताच आग भडकते. मुक्कामी पोहोचण्यास उशीर झाला तरी चालेल.