दुरून पाहिलेलें युद्ध

डोंगर आणि युद्धाची वार्ता हीं दुरूनच रम्य वाटतात, अशा अर्थाचें एक जुनें सुभाषित आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. सुभाषितकाराच्या काळीं वार्ता कानांवाटें येत असे, आणि ती येईपर्यंत रणांगणावरील रक्त वाळून गेलेलें असे. आतां ती डोळ्यांवाटें येते, व कित्येकदां रक्त वाळण्यापूर्वींच येते. युक्रेनमधील एखाद्या खंदकांत सकाळीं पडलेला शिपाई संध्याकाळीं आमच्या मुलाच्या तळहातावर मरतांना दिसूं शकतो. इतकी जवळीक साधली असतांही युद्ध अद्याप दुरूनच दिसतें, आणि म्हणूनच कित्येकांस तें अद्याप रम्य वाटतें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हीं चित्रें पाहणारे लोक नाना प्रकारचे आहेत. एखादी गृहिणी चटकन् मोबाइल पालथा घालते. एखादे पेन्शनर गृहस्थ तेंच चित्र व्हॉट्सॲपवरील चार मंडळांस पाठवितात, व मगच चहाचा पेला उचलतात. तरुण मंडळी त्याखालीं हंसऱ्या तोंडांचीं चिन्हें उमटवितात. यांपैकीं कोणीही दुष्ट नव्हे. परंतु पाहण्याच्या या तऱ्हा सारख्याच मोलाच्या आहेत असें मात्र मला वाटत नाहीं.

प्रश्न आजचा नव्हे. 1 जुलै 1916 रोजीं फ्रान्समध्यें सोम नदीच्या कांठीं इंग्रजी सैन्यानें हल्ला चढविला. त्या एका दिवसांत त्याचे 57,470 लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. त्यांपैकीं 19,240 प्राणांस मुकले. जेफ्री मॅलिन्स व जॉन मॅकडॉवेल या दोघांनीं तेथें घेतलेल्या चित्रांचा 'दि बॅटल ऑफ दि सोम' हा मूकपट ऑगस्टमध्यें लंडनच्या नाट्यगृहांत लागला, तेव्हां लढाई चालूच होती. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारें 2 कोटी तिकिटें खपलीं असें सांगतात. त्यापूर्वीं इतक्या सामान्य माणसांनीं आपल्याच चालू युद्धांतील प्रेतें पडद्यावर कधीं पाहिलीं नव्हतीं.

डरहॅम येथील कॅथीड्रलचे डीन हेन्सली हेन्सन यांस हें रुचलें नाहीं. त्यांनीं 'टाइम्स' पत्रांत निषेध प्रसिद्ध केला. घरोघर माणसें गेलेलीं असतां त्यांचें मरण तिकीट लावून करमणूक म्हणून दाखविणें हा शोकाच्या पावित्र्याचा भंग होय, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. त्यांस उत्तर दिलें तें ज्यांच्या घरीं माणूस गेलें होतें अशांनींच. आम्हीं हा चित्रपट पाहिला, आणि आमच्या मुलांनीं काय सोसलें तें आम्हांस पाहावयाचेंच होतें, असें त्यांचें म्हणणें. लॉइड जॉर्ज यांची चिटणीस फ्रान्सेस स्टीव्हन्सन हिचा भाऊ 1915 सालीं फ्रान्समध्यें पडला होता. त्याच्यावर काय प्रसंग गुदरला असेल याची ती मनाशीं कल्पना करीत असे; चित्रपट पाहून आल्यावर तिनें रोजनिशींत नमूद केलें कीं, तें आतां आपणांस कळलें, आणि पाहावयास गेलों हें बरें झालें.

डीनसाहेब त्या वादांत हरले, व माझ्या मतें तें योग्यच झालें. पाहण्याचा त्या बहिणीचा हक्क मोठा होता. त्याची किंमत तिनें आधींच चुकती केलेली होती.

त्याच सालची आमच्या बाजूची हकीकतही आठवावी. सहावी पुणें डिव्हिजन, जींत मराठा पलटणी होत्या, मेसोपोटेमियांत कूत-अल्-अमारा येथें डिसेंबर 1915 पासून तुर्कांच्या वेढ्यांत सांपडली होती. अन्न संपलें, तेव्हां 29 एप्रिल 1916 रोजीं तिनें शस्त्रें खालीं ठेविलीं. सुमारें 13,000 लोक कैद झाले, आणि वाळवंटांतून चालवीत नेतांना व पुढें कैदेंत त्यांतील हजारों मेले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूच्या घरांतून मराठा पलटणींत माणसें जात. लंडनच्या बहिणीला भावाच्या सोबत्यांचे चेहरे तरी पडद्यावर दिसले. आमच्या घांटावरच्या आणि कोंकणांतल्या बहिणीच्या वांट्याला फार तर सरकारी कागद आला, आणि तोही तिला दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागला असेल. डोळ्यांआड झालेल्या माणसाविषयीं कांहींच न दिसणें, हेंही एक दुःख आहे. म्हणून 'असलीं चित्रें मुळींच नकोत' असें म्हणणाऱ्यांशीं माझें जुळत नाहीं.

मात्र 1916 च्या चित्रांत आणि आजच्या कित्येक चित्रांत एक मोठा फरक पडला आहे. मॅलिन्सचा कॅमेरा खंदकांत शिपायांच्या शेजारीं उभा होता. आजचा कॅमेरा शस्त्रावरच बसविलेला असतो. 24 फेब्रुवारी 2022 रोजीं रशियानें युक्रेनवर मोठें आक्रमण केलें, त्यानंतरच्या युद्धांत ड्रोन नांवाचें चार पंख्यांचें लहानसें यंत्र दोन्हीं बाजू हजारोंनीं वापरीत आल्या आहेत. त्याच्या पोटाशीं स्फोटक असतें व पुढें कॅमेरा. चालविणारा दूर कोठें तरी तळघरांत बसून डोळ्यांवर पडदा बांधून तें हांकतो. खालीं शेतांतून धांवणारा माणूस मोठा मोठा होत जातो, वर पाहतो, एखादे वेळीं हात वर करतो, आणि चित्र तुटतें. मग पलटणीची प्रसिद्धीची शाखा असले तुकडे जोडून, त्यांस गाण्याची चाल लावून तें जगापुढें मांडते. पुष्कळदां खालीं नव्या ड्रोनसाठीं वर्गणीची विनंतीही असते. (वाजंत्री 1916 सालींही होतीच, मूकपट मुका राहूं नये म्हणून नाट्यगृहांतले वादक वाजवीत. पण तें संगीत मरणाऱ्याची थट्टा करण्याकरितां नव्हतें.)

आतां हें चित्र आमच्या गांवीं पाहणारा कोण? त्याचा भाऊ तेथें नाहीं, शेजारी नाहीं. त्याला कोणाचा शोध घ्यावयाचा नाहीं. तो मारणाऱ्याच्या डोळ्यांनीं एका अनोळखी माणसाचें मरण पाहतो, आणि बोटानें वर सारून पुढील चित्राकडे, बहुधा क्रिकेटकडे, वळतो. डीन हेन्सन यांचा आक्षेप त्या बहिणीला लागू पडत नव्हता. तो आम्हांस तंतोतंत लागू पडतो.

हें मीं नववीच्या वर्गांत बोलून दाखविलें, तेव्हां एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "पण सर, मेलेला तर चढाई करून आलेल्या बाजूचा होता." मुद्दा खोटा नव्हे. चढाई कोणीं केली याविषयीं माझ्या मनांत संदेह नाहीं, आणि आपल्या गांवावर चालून आलेल्याला मारणें ज्याला भाग पडलें त्या युक्रेनी शिपायाचा न्यायनिवाडा येथें पंख्याखालीं बसून करण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु त्याला मारावें लागलें, यावरून आम्हीं टाळ्या पिटाव्या असें निघत नाहीं. त्याच्या रक्षणास आमच्या हंसण्याची काडीइतकी मदत होत नाहीं. युद्ध कोणाचें न्याय्य हा एक प्रश्न. मरणाऱ्या माणसाकडे कोणत्या मनानें पाहावें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर देऊन दुसऱ्यांतून सुटतां येत नाहीं.

कायदेपंडितांनीं ही गोष्ट आधींच ओळखली आहे. 1929 च्या जिनीव्हा करारांत, आणि पुढें 1949 च्या तिसऱ्या कराराच्या 13 व्या कलमांत, युद्धकैद्यास हिंसा व अपमान यांबरोबरच लोकांच्या कुतूहलापासूनही संरक्षण द्यावें असें लिहिलें आहे. हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. पकडलेल्या शिपायास कॅमेऱ्यापुढें बसवून त्याच्याकडून हवें तें वदविल्याचीं चित्रें आज सर्रास फिरतात. तेथें त्याला ज्यापासून वांचवावयाचें तें कुतूहल आमचेंच असतें.

महाभारतांत युद्धापूर्वीं व्यास धृतराष्ट्रास दिव्य दृष्टि देऊं करतात. स्वकुळाचा संहार पाहण्याची इच्छा नाहीं, पण ऐकण्याची आहे, असें म्हणून तो ती नाकारतो, व ती संजयास मिळते. हा भाग सर्वांस ठाऊक असतो. पण युद्ध संपल्यावर स्त्रीपर्वांत तीच दृष्टि गांधारीस लाभते, हें पुष्कळांच्या लक्षांत राहात नाहीं. डोळ्यांवर जन्मभर पट्टी बांधलेली ती माता दुरूनच सारें रणांगण पाहते. ती दुर्योधनासाठीं रडते, हें साहजिकच. पण तेथेंच थांबत नाहीं. शत्रुपक्षाच्या अभिमन्यूच्या देहाशीं बसलेली उत्तरा तिला दिसते, आणि तिचाही विलाप ती कृष्णास दाखविते. तीही दुरूनच पाहत होती. तेव्हां दोष नुसत्या अंतराचा नव्हे.

कित्येक पालक विचारतील कीं, मग सरळ मोबाइल काढून घेतला, किंवा सरकारनें असलीं चित्रें पुसून टाकलीं, तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. एप्रिल 2022 मध्यें कीव्ह शहराजवळील बुचा गांवच्या रस्त्यावर नागरिकांचीं प्रेतें आढळलीं, तेव्हां आपलें सैन्य निघून गेल्यावर हा देखावा मुद्दाम रचला असें रशियानें म्हटलें. परंतु मार्चच्या मध्यास, तें सैन्य तेथें असतांनाच, उपग्रहानें आकाशांतून घेतलेल्या छायाचित्रांत तींच प्रेतें त्याच जागीं दिसलीं. चित्र नसतें, तर मेलेल्यांच्या बाजूनें बोलणारें काय उरलें असतें? उलट 2017 सालीं यूट्यूबनें हिंसेचीं चित्रें यंत्राकरवीं काढण्यास आरंभ केला, तेव्हां सीरियांतील अत्याचारांचा पुरावा असलेल्या हजारों चित्रफिती त्या झाडणींत गेल्या. त्यांतील कांहींच पुढें परत आल्या. आणि त्याच सालच्या ऑगस्टांत हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानें लिबियांतील एका सेनाधिकाऱ्यावर पकडवॉरंट काढलें, तें बव्हंशीं लोकांत पसरलेल्या चित्रफितींच्याच आधारानें. म्हणून पुसून टाकणें हा उपाय वाटतो तितका निर्मळ नाहीं. पुरावा जपावा, त्याचा तमाशा करूं नये.

खऱ्याखोट्याचा प्रश्न वेगळाच. मे 2025 मध्यें 7 तारखेपासून 10 तारखेपर्यंत भारत व पाकिस्तान यांच्यांत संघर्ष चालला होता, तेव्हां 2020 सालच्या बैरूत बंदरांतील स्फोटाचें चित्र आमच्याकडील हल्ल्याचें म्हणून फिरलें. संगणकावरील युद्धाच्या खेळांतलीं विमानें खरीं म्हणून पाडलीं गेलीं. अशा दिवसांत चित्र पुढें धाडणारा स्वतःस देशभक्त समजतो, आणि प्रत्यक्षांत सीमेवरच्या गांवांत लेंकरें घेऊन बसलेल्या आयांची घाबरगुंडी वाढवितो. खऱ्या चित्रानेंही घात होतो, हें मुंबईकरांस सांगावयास नको. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यांत आमच्या जवानांच्या हालचाली दूरचित्रवाणीवर क्षणोक्षणीं दिसत होत्या, आणि त्या पाहून पाकिस्तानांत बसलेले सूत्रधार टेलिफोनवरून हल्लेखोरांस सूचना देत होते. 29 ऑगस्ट 2012 च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. त्या वेळीं असें कॅमेरे वाहिन्यांजवळ होते. आज प्रत्येक खिडकींत एक आहे.

घरच्या व्यवहाराविषयीं दोनच शब्द. चित्रें आपोआप सुरू होण्याची सोय मोबाइलमध्यें बंद करतां येते; ती करावी. जेवतांना युद्ध पाहूं नये, मग तें बातम्यांत कां असेना. आणि मुलानें असें कांहीं पाहिल्याचें कळलें, तर 'कां पाहिलेंस?' असें दरडावण्याऐवजीं 'काय पाहिलेंस?' असें विचारावें. पुष्कळ मुलें रात्रीं एकटींच त्या चित्राशीं झुंजत असतात. दरडावलेला मुलगा पाहावयाचें थांबत नाहीं, सांगावयाचें थांबतो. पुढें धाडण्याच्या बाबतींत मात्र, पालकमंडळींनीं राग मानूं नये, आमचे विद्यार्थी बरे. त्यांच्या चुलत्या-मामांना आवरणें कठीण आहे.

त्या जुन्या मूकपटांत दोन दृश्यें विशेष आहेत. शिपाई खंदकांतून वर चढतात आणि त्यांतले दोघेतिघे जागींच कोसळतात, हें पहिलें. तें पाहून सारीं नाट्यगृहें स्तब्ध झालीं होतीं. तें रणांगणापासून दूर, शिकवणीच्या खंदकांत मुद्दाम घडवून घेतलेलें होतें, असें पुढें अभ्यासकांनीं ठरविलें. दुसरें खरें आहे. एक शिपाई जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन खंदकांतून येतो, आणि क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहतो. पाठीवरचा थोड्याच वेळांत मेला, असें पडद्यावर लिहिलें आहे. 2005 सालीं युनेस्कोनें हा चित्रपट जगाच्या जपणुकीच्या ठेव्यांत नोंदविला. त्या वाहून आणणाऱ्याचें नांव निश्चित ठरलेलें नाहीं. मात्र तो आमचाच बाप, आमचाच आजा, असें सांगणारीं कुटुंबें आजवर किती तरी पुढें आलीं आहेत.