साहेबाची जुनी गाडी आणि तिचे खरे वय

‘दोन हजार तेराचे मॉडेल, एकाच हाताने वापरलेली, साहेबाची गाडी आहे.’ आनेकल तालुक्यात चंदापुरा, जिगणी किंवा अत्तिबेले भागात जुनी मोटार पाहायला निघालेल्या कुटुंबाच्या कानी हे वाक्य हमखास पडते. इलेक्ट्रॉनिक सिटी जवळच. तेथील साहेब लोक परदेशी जातात, बदलून जातात किंवा याहून मोठी गाडी घेतात, आणि मग टोयोटा कोरोला आल्टिस किंवा होंडा सिव्हिकसारखी एके काळची रुबाबदार गाडी नव्या छोट्या गाडीपेक्षाही कमी पैशांत समोर येऊन उभी राहते. पुण्या-सोलापुराहून नोकरीनिमित्त इकडे आलेल्या मराठी कुटुंबांनाही हा मोह पडतोच. यजमान इंजिनाचा आवाज ऐकतात, गृहिणी डिकी उघडून पाहते, मुले मागच्या सीटवर जाऊन बसलेलीही असतात. मॉडेल कितीचे, हा प्रश्न मात्र सर्वजण विचारतात आणि मिळालेल्या उत्तरावर निर्धास्त होतात.

हे उत्तर बहुधा नोंदणीच्या वर्षाचे असते. गाडी कारखान्यातून बाहेर पडते एका दिवशी, विक्रेत्याच्या आवारात उभी राहते काही आठवडे, कधी काही महिने, आणि तिला क्रमांक मिळतो त्यानंतर. डिसेंबरात तयार झालेली गाडी फेब्रुवारीत नोंदली गेली की बोलण्यात ती एक वर्षाने तरुण होते. किमतीत यामुळे थोडाफार फरक पडतो, तो एक वेळ सोडून देता येईल. पण काही वेळा हा दोन महिन्यांचा फरक जिवाशी येऊ शकतो.

बंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यात तयार झालेल्या कोरोला आल्टिसचेच पाहा. एप्रिल २०१७ मध्ये टोयोटा कंपनीने भारतातील २३,१५७ आल्टिस गाड्या एअरबॅगच्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. या गाड्या जानेवारी २०१० ते डिसेंबर २०१२ या काळात तयार झालेल्या होत्या. त्याच वर्षी जानेवारीत होंडाने २०१२ साली तयार झालेल्या ४१,५८० गाड्या बोलावल्या. त्यांत सिटी सर्वाधिक होत्या, पण १,२०० सिव्हिक आणि ६५९ अकॉर्डही होत्या. वर्षभराने, जानेवारी २०१८ मध्ये, २०१३ साली तयार झालेल्या आणखी २२,८३४ गाड्यांची पाळी आली.

दोष होता ताकाता या जपानी कंपनीने पुरवलेल्या भागात. अपघात होताच एअरबॅग क्षणार्धात फुगवण्यासाठी धातूच्या एका डबीत अमोनियम नायट्रेटचे मिश्रण भरलेले असते. उष्णता आणि दमट हवा यांनी ते वर्षानुवर्षे बिघडत जाते, आणि मग वेळ आली की पिशवी फुगण्याऐवजी डबीच फुटून धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर येतात. जगभर यात माणसे दगावली, कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि जून २०१७ मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. हा दोष गाडी चालवून पाहताना कळत नाही. उलट गाडी जितकी जुनी होते तितका तो वाढतो.

आता डिसेंबर २०१२ मध्ये तयार होऊन फेब्रुवारी २०१३ मध्ये नोंदलेली आल्टिस डोळ्यांपुढे आणा. विकणारा तिला ‘तेराची’ म्हणतो. घेणाऱ्याला ‘२०१० ते २०१२’ ही यादी ठाऊक असली, तरी आपली गाडी तीत नाही, अशा समजुतीने तो सुटकेचा नि:श्वास टाकतो. कंपनीची सूचना पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेली असते, आणि तो मालक तोवर कदाचित सिंगापूरला पोचलेला असतो!

मॉडेलच्या वर्षाला अर्थच नाही, असे मात्र नव्हे. नव्या ढंगाची गाडी बाजारात येते तेव्हा पहिल्या वर्षाच्या गाड्यांतील बारीकसारीक उणिवा गिऱ्हाइकांच्या तक्रारींतूनच कळतात आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत गुपचूप सुधारल्या जातात. म्हणून अनुभवी मेकॅनिक पहिल्या वर्षाची गाडी टाळायला सांगतो. आल्टिस २००८ साली आली आणि तिचा पुढचा अवतार २०१४ मध्ये. तेव्हा ‘अकरा-बाराची बघा’ हा त्याचा सल्ला इंजिन-गिअरबॉक्सच्या दृष्टीने योग्यच म्हणायचा. पण एअरबॅगची यादी नेमकी त्याच वर्षांवर येऊन बसते.

यावर उपाय साधा आणि फुकटचा आहे. आरसीवर तयार झाल्याचा महिना आणि वर्ष छापलेले असते. नोंदणीची तारीख वेगळी. दोन्ही वाचाव्यात. तिथेच चॅसी क्रमांक असतो. तो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला कळवला की ती गाडी यादीत आहे का आणि भाग बदलला गेला का, हे समजते. बदलला नसेल तर तो विनामूल्य बदलून मिळतो, मग मालक पहिला असो की चौथा. ही चौकशी बयाणा देण्यापूर्वी करावी. काचांवरही वर्षाची खूण असते. पाच काचा एका सालाच्या आणि सहावी वेगळी दिसली, तर ती का बदलली, हे विचारायला संकोच नको. टायरवरील चार आकडे आठवडा आणि साल सांगतात.

याशिवाय आनेकलकरांनी खास ध्यानात ठेवावा तो सप्टेंबर २०२२. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील पावसाने सर्जापूर रस्ता आणि बेळ्ळंदूरच्या उच्चभ्रू वसाहतींत पाणी शिरले, अनेक महागड्या गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आली, तर तिचे साल कितीही चांगले असून काय उपयोग? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, एरवी आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहून जाते. गालिचा उचलून खालचा पत्रा पाहावा, गंज आणि कुबट वास लपत नाहीत. विम्याच्या कागदांत त्या वर्षीचा दावा दिसतो का, तेही बघावे.

अत्तिबेलेच्या नाक्यापलीकडे, होसूरला, तामिळनाडूच्या क्रमांकाची तशीच गाडी थोडी स्वस्त मिळते. ती बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवायची तर तिकडचे ना-हरकत पत्र, इकडचा नवा क्रमांक आणि गाडीच्या वयानुसार इकडचा आजीवन कर, हे सारे आले. कर किती बसेल, हे आरटीओत आधीच विचारावे आणि ती रक्कम मिळवूनच दोन्ही गाड्यांच्या किमतींची तुलना करावी.