तान्ह्या बाळाचा झोपेतला अचानक मृत्यू : आईला दोष देण्याआधी हे वाचा

चिखली, मोरेवस्ती, कुदळवाडी या भागांतून बाळ दाखवायला येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. बाळ दीड-दोन महिन्यांचे, वजन छान वाढलेले. तपासणी आटोपते आणि दारापर्यंत गेलेली आई मागे वळून विचारते, ‘डॉक्टर, पाठीवर झोपवलं तर दूध छातीत नाही ना जाणार?’ या प्रश्नामागे बहुतेक वेळा ऐकलेली एखादी गोष्ट असते. नात्यातले धडधाकट बाळ रात्री दूध पिऊन झोपले आणि सकाळी उठलेच नाही. मग घरात दोनच निष्कर्ष निघतात : दूध छातीत गेले, किंवा आईने झोपेत अंगाखाली घेतले. दोन्हींत बोट आईकडेच.

एक वर्षाखालील बाळ झोपेत अचानक दगावले आणि पूर्ण तपास करूनही कारण सापडले नाही, तर त्याला ‘सिड्स’ म्हणतात. पूर्ण तपास म्हणजे शवविच्छेदन, बाळ ज्या जागी झोपले होते तिची पाहणी आणि आजारांचा इतिहास, हे तिन्ही. आपल्याकडे तान्ह्या बाळाचे दफन सहसा त्याच दिवशी होते आणि शवविच्छेदनाला घरचे क्वचितच तयार होतात. त्यांच्या मनःस्थितीत ते समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे आपल्याकडे हे निदान कागदावर फारसे येतच नाही. ‘भारतात सिड्स नसतो’ असे काही जण ठामपणे सांगतात, त्याचे मूळ इथे आहे. न मोजलेली गोष्ट नसतेच, असे नाही. बालमृत्यूंचा आढावा घेण्यासाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार आरोग्य कर्मचारी घरी येऊन विचारपूस करतात. अशा वेळी बाळ कसे, कुठे, कोणाशेजारी झोपले होते हे न लपवता सांगावे. ही चौकशी कारण समजण्यासाठी असते, कोणावर आरोप ठेवण्यासाठी नव्हे.

आता त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर. पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. उलटून आलेले दूध वर चढून श्वासनलिकेत जाणे त्यामुळे अवघड होते. पालथे झोपवल्यावर हा क्रम उलटा होतो. शिवाय पालथ्या बाळाने सोडलेला श्वास गादीत अडकून पुन्हा त्याच्याच नाकात जातो. मोठे माणूस अशा वेळी दचकून मान वळवते. काही बाळांच्या मेंदूतला हा जाग येण्याचा भाग पुरेसा तयार झालेला नसतो. कोणत्या बाळात तो कच्चा आहे हे आधी ओळखणारी चाचणी आज उपलब्ध नाही. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील रक्ततपासणीच्या एका छोट्या अभ्यासावरून ‘कारण सापडले’ अशा बातम्या फिरल्या, पण त्यातून अजून वापरता येईल असे काही हाती आलेले नाही.

कारण पूर्ण कळलेले नसतानाही मृत्यू कमी करता आले, हे मात्र खरे आहे. न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका येथे १९९० च्या दशकात बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांत हे मृत्यू निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. औषध नाही, यंत्र नाही. त्याआधी पालथे झोपवा असा सल्ला तिथे डॉक्टरच देत असत, हेही आम्ही डॉक्टरांनी विसरू नये.

चिखलीतले घर डोळ्यांसमोर आणा. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, वडील चाकण किंवा भोसरीच्या कंपनीत रात्रपाळीला. अशा घराला ‘बाळासाठी वेगळा क्रिब घ्या’ असे सांगणे निरर्थक आहे. तशी गरजही नाही. जमिनीवर घट्ट घडी केलेली सतरंजी, तिच्यावर ताणून अंथरलेली चादर आणि आईच्या हाताच्या अंतरावर बाळ, ही जागा मऊ गादीपेक्षा सुरक्षित आहे. अंथरूण वेगळे, खोली एकच. दूध पाजायलाही सोपे. बाळाभोवती उशा, लोड, खेळणी ठेवू नका. डोके गोल व्हावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी कितीही प्रेमाने शिवलेली असली तरी झोपेत नकोच. गळ्यातला काळा दोरा काढा, हवा तर पायात बांधा. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते. रडणारे बाळ शांत करायला झोळी घेतलीच, तर समोर बसून राहा आणि झोप लागताच बाळाला सपाट जागी ठेवा.

एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली टोपडे, मोजे आणि वर दोन दुपटी, हे आजीच्या मायेचे लक्षण असले तरी बाळ तापते. मानेला किंवा पाठीला घाम असेल तर कपडे कमी करा. शेक-शेगडीचा आणि धुरीचा धूर बाळाच्या खोलीत नको. विडी-सिगारेट तर अजिबात नको, गरोदरपणातही नाही. मिश्रीला आपल्याकडे कोणी व्यसन धरत नाही, पण निकोटीन तिच्यातही असते. स्वीडनमधल्या अभ्यासात धूर नसलेल्या तंबाखूचाही गरोदरपणातील वापर या मृत्यूंशी जोडलेला दिसला आहे. दारू प्यायलेल्या, गुंगीची औषधे घेतलेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने बाळाला कुशीत घेऊन झोपू नये. बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल तर हे अधिकच पाळा.

लसीबद्दलही बोलायला हवे. हे मृत्यू पहिल्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक होतात आणि लसी दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना असतात. दोन्ही गोष्टी जवळ येतात म्हणून लसीवर संशय घेतला जातो. यावर जगभर तपास झाला आहे : लसीमुळे सिड्स होत नाही, उलट लस घेतलेल्या बाळांत तो कमी आढळतो. स्तनपानानेही धोका घटतो.

मला खटकते ते वेगळेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तीच पुढे २०११ पासून देशभर आशाताईंच्या भेटींच्या रूपाने आली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत सहा भेटी. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे धोका चढतो त्याच काळात घरी कोणी येत नाही. त्यातच सासर-माहेर मराठवाड्यात किंवा खानदेशात असलेली, चिखलीत एकटी पडलेली आई कोणाला विचारणार? मधल्या काळात तिची एकच भेट नक्की असते, ती अडीच महिन्यांच्या लसीला. लस टोचून झाल्यावर तिथे अर्धा तास थांबवतात. त्या अर्ध्या तासात ‘बाळ रात्री कसे झोपते?’ हे नर्सने विचारावे, आणि तिने नाही विचारले तर तुम्ही स्वतः सांगा.

बाळ जागे असताना मात्र त्याला रोज थोडा वेळ पालथे ठेवा, मान बळकट होते. स्वतःहून दोन्हीकडे वळायला लागल्यावर झोपेत पालथे झाले तर रात्रभर जागून त्याला सरळ करत बसू नका. झोपवताना पाठीवर ठेवले की पुरे. बाळ निपचित दिसले, श्वास थांबला किंवा ओठ निळे पडले, तर त्याला हलवून झटकू नका. १०८ ला फोन करा आणि फोनवरची व्यक्ती सांगेल तसा श्वास आणि छातीवर दाब देणे लगेच सुरू करा.