विश्लेषण : साहेबी वस्तऱ्यांना भाव, मग गावची धोकटी भंगारात का?

जुने वस्तरे जमवणारे शौकीन जगभर आहेत. शेफील्डचा शिक्का आणि मूळ लाकडी पेटी असा पूर्ण संच हाती लागला, की संग्राहक हरखून जातो. वर्ध्याकडच्या गावांत मात्र आजोबांची धोकटी माळ्यावरून उतरली, की बहुधा भंगाराच्या हातगाडीवरच जाते. दाढीची हत्यारे दोन्हीकडे तीच. मग एकाला मखमल आणि दुसऱ्याला किलोचा भाव का?

पेटीत सात वस्तरे कशासाठी?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगन ही वस्तऱ्यांची मोठी केंद्रे होती. श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी सात वस्तऱ्यांचा संच मिळे, प्रत्येकाच्या पाठीवर वाराचे नाव कोरलेले. एक दिवस वापरलेल्या धारेला सहा दिवस विसावा मिळावा, ही त्यामागची समजूत. पेटीत प्रत्येक वस्तऱ्यासाठी वेगळी खाच असे. १९०३ मध्ये जिलेटचा बदलत्या पात्याचा रेझर विक्रीला आला आणि धार लावण्याची कटकट संपली. संच पेटीसकट कपाटात गेले.

वय कसे ओळखायचे?

पात्याच्या मुळाशी असलेला शिक्का आधी पाहावा. १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर परदेशी मालावर मूळ देशाचे नाव टाकण्याची पद्धत रुळली. ‘मेड इन जर्मनी’ असे लिहिलेला वस्तरा सहसा त्याआधीचा नसतो. दुसरी खूण मुठीची. शिंग, हाड, हस्तिदंत आणि नंतर सेल्युलॉइड. सेल्युलॉइड जुने झाले की त्यातून निघणारी वाफ शेजारचे पोलाद गंजवते, म्हणून तसा वस्तरा बंद पेटीत इतरांसोबत ठेवू नये. वर्ध्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि लगेच पावसाळी दमट हवा येते. लाकूड तडकते, मग फुगते. पात्यावर पातळ तेलाचा हात आणि अधूनमधून पेटी उघडी ठेवणे, एवढे पुरते. चकाकी आणण्यासाठी पॉलिश मारणे हा मात्र शुद्ध अडाणीपणा. त्यात शिक्काच घासला जातो.

कायद्याची अडचण आहे का?

आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. ‘आजोबांचा आहे’ म्हणून हस्तिदंती मुठीचा वस्तरा विकता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी, कारागिरी किंवा चालीरीती दाखवणारी वस्तू पुरावशेष ठरू शकते. १९७२ च्याच पुरावशेष कायद्यानुसार ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

धोकटीत काय असे?

वस्तरा, कातर, नखे काढायची नराणी, चिमटा, पाण्याची वाटी, छोटा आरसा, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला नाभिक ही पिशवी काखेत मारून घरोघर जाई. मोबदला वर्षाकाठी धान्यात मिळे. लग्नापासून सुतकापर्यंत त्याच्यावाचून गावाचे पान हलत नसे. पुढे एचआयव्ही आणि काविळीच्या धास्तीने दुकानांत अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा आला आणि धार लावायचा दगडही निकामी ठरला.

पण धोकटीचा इतिहास हत्यारांच्या यादीत मावत नाही. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. तेव्हा वस्तरा खाली ठेवणे हाच निषेध होता. दुसरी बाजूही विसरू नये. प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिल्यावर गांधीजींनी आरशासमोर उभे राहून स्वतःच केस कापले, मागची बाजू पार बिघडवली. आत्मकथेत हा प्रसंग सांगताना ते त्या न्हाव्याला दोष देत नाहीत. आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देतो का, असा त्यांचा रोख आहे.

वर्ध्यातच का?

१९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. १९३८ च्या अखेरीस मगन संग्रहालय सुरू झाले, तेही गावच्या उद्योगांसाठी. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि वज्रीसारख्या घरगुती वस्तूंना संग्रहालयात मान मिळवून दिला. धोकटीलाही तो मिळायला हवा, आणि त्यासाठी वर्ध्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

अर्थात काही घरे नाही म्हणतील. ज्या पिशवीमुळे बापाला ओसरीखाली बसावे लागले, ती काचेमागे कशाला ठेवायची, असा त्यांचा सवाल असेल तर तो मान्य करून परत फिरावे. जे देतील त्यांना भंगाराचा नव्हे, पुराणवस्तूचा भाव द्यावा. सोबतच्या चिठ्ठीवर धोकटीवाल्याचे नाव, त्याची गावे आणि बलुत्याचा हिशेब त्याच्या घरच्यांच्या संमतीने लिहावा. कोणाच्या दारी त्याला बोलावणे असे आणि कोणत्या वस्तीत जायची मनाई होती, तेही.