गोवराच्या लशीने कॅन्सर बरा होतो का?

एका शास्त्रज्ञ बाईंनी स्वतःच्या प्रयोगशाळेत विषाणू वाढवले, ते स्वतःच्याच गाठीत टोचून घेतले आणि स्तनाचा कॅन्सर पळवून लावला, हा मेसेज तुमच्याही फोनवर एव्हाना येऊन गेला असेल. त्याच्या शेवटी बहुधा एक शेपूट असते: 'औषध कंपन्या ही माहिती तुमच्यापासून लपवतात.' लपवलेले काहीच नाही. त्या बाईंचे नाव बेआटा हालासी, क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठातल्या विषाणुतज्ज्ञ. 2020 साली, वयाच्या 49व्या वर्षी, स्तन काढून टाकलेल्या जागी त्यांना पुन्हा कॅन्सरची गाठ आली. त्यांनी आधी गोवराच्या लशीतला विषाणू आणि मग गुराढोरांना होणाऱ्या एका आजाराचा विषाणू गाठीत टोचून घेतला. गाठ लहान झाली, सैल झाली. 2024 साली त्यांनी स्वतःच हे सगळे छापून जगासमोर ठेवले.

मेसेजमधून गळलेला भाग असा. गाठ लहान झाल्यावर त्यांनी ऑपरेशन करून ती काढून टाकली आणि पुढे वर्षभर ट्रास्टुझुमॅब हे नेहमीचे, मान्यताप्राप्त औषध घेतले. सगळा वेळ त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांची नजर त्यांच्यावर होती. आता सांगा, त्यांना कोणी बरे केले? विषाणूने, सुरीने की ट्रास्टुझुमॅबने? एका रुग्णावरून हे सांगता येत नाही. इतरांनी हा प्रयोग घरी करू नये, असे त्यांचेही म्हणणे आहे. तेही मेसेजमध्ये नसते.

आता दुसरी बाजू. आमच्यातले काही डॉक्टर असे मेसेज वाचून 'सगळी थापेबाजी' म्हणून हात झटकतात. तेही मला पटत नाही. विषाणूने कॅन्सरच्या पेशी मारणे ही कल्पना शंभर वर्षे जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. निरोगी पेशीत विषाणू शिरला की ती लगेच धोक्याची घंटा वाजवते आणि विषाणूची वाढ रोखते. कॅन्सरच्या अनेक पेशींमध्ये ही घंटा बिघडलेली असते. तिथे विषाणू मोकाट वाढतो आणि शेवटी पेशी फुटते. फुटलेल्या पेशीचे तुकडे बाहेर सांडतात आणि आतापर्यंत झोपलेल्या प्रतिकारशक्तीला शत्रूचा चेहरा दिसतो. आज तज्ज्ञांना या दुसऱ्या कामातच जास्त रस आहे.

हे औषधाच्या रूपात बाजारातही आहे. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला ज्याच्यामुळे फोड येतात त्या हर्पिस विषाणूचे दोन जीन काढून आणि प्रतिकारशक्तीला चेतवणारा एक जीन घालून टी-व्हेक हे औषध बनवले. म्हणजे वर्तमानपत्रे लिहितात तसा 'जीवघेणा विषाणू' कोणी सुईत भरत नाही. त्याचे दात आधी काढलेले असतात. 2015 साली अमेरिकेने त्वचेच्या मेलानोमा या कॅन्सरसाठी त्याला परवानगी दिली. ज्या चाचणीवरून ती मिळाली तिच्यात 436 रुग्ण होते. सहा महिने किंवा जास्त टिकणारा गुण टी-व्हेक घेणाऱ्यांपैकी 16.3 टक्क्यांना आला, तुलनेच्या औषधाने 2.1 टक्क्यांना. फरक खरा आहे. पण शंभरातल्या चौऱ्याऐंशींना तसा गुण आला नाही, हेही तितकेच खरे.

पुढची गोष्ट तर मुद्दाम सांगतो. टी-व्हेक आणि पेम्ब्रोलिझुमॅब एकत्र दिले तेव्हा पहिल्या 21 रुग्णांपैकी 62 टक्क्यांना गुण आला. बातम्या झाल्या. मग 692 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना विषाणू दिला आणि निम्म्यांना विषाणूच्या जागी खोटे इंजेक्शन. पेम्ब्रोलिझुमॅब सगळ्यांनाच होते. विषाणूमुळे दखल घेण्याजोगा फायदा झाला नाही. यकृताच्या कॅन्सरसाठी देवीच्या लशीतल्या विषाणूपासून बनवलेल्या औषधाची मोठी चाचणी 2019 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण उपयोग होईल असे दिसेना. या दोन निकालांचे मेसेज तुम्हाला कोणी पाठवले होते का?

आता गोवराच्या लशीकडे येतो, कारण 'साधी लसच तर आहे, गाठीत टोचून द्या' असे म्हणणारे नातेवाईक मला भेटले आहेत. हालासीबाईंनी वापरलेला गोवराचा वाण एडमन्स्टन-झाग्रेब. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर लशीतही हाच वाण असतो. त्यामुळे प्रश्न वेडगळ नाही. पण मात्रेचा हिशोब बघा. 2014 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने रक्ताच्या मायलोमा या कॅन्सरवर गोवराचा विषाणू शिरेतून दिला, तेव्हा एका मात्रेत दहा हजार कोटी विषाणू होते. बाळाला टोचतो त्या लशीत ते हजारांच्या घरात असतात. शिवाय ज्यांना लहानपणी गोवर किंवा त्याची लस मिळाली, त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे शिरेतून आलेला विषाणू गाठीपर्यंत पोचण्याआधीच निकामी करू शकतात. म्हणून मेयोने निवडलेल्या रुग्णांमध्ये ही प्रतिपिंडे जवळजवळ नव्हती. त्यांनी तेव्हा दोन रुग्णांची हकिगत छापली. एकीचा आजार काही महिने पूर्ण मागे हटला, दुसरीला टिकाऊ फायदा झाला नाही. जगभर गाजली ती पहिली.

परदेशात नेऊन 'व्हायरोथेरपी' देणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच हवे. लाटव्हियात 2004 साली रिगव्हिर नावाचे विषाणूचे औषध नोंदले गेले आणि त्यासाठी देशोदेशींचे रुग्ण तिकडे गेले. 2019 मध्ये तपासणीत त्या कुपीत लिहिल्यापेक्षा खूपच कमी विषाणू सापडला आणि त्याचे वितरण थांबवले गेले. घरदार गहाण टाकून तिथे गेलेल्यांचे पैसे कोण परत देणार? आणि वेळ?

माझा राग आहे तो या वेळेवरून. स्तनात सुपारीएवढी गाठ घेऊन आलेल्या एका बाईंना ऑपरेशनची तारीख मिळाली होती. जावयाने फोनवर असे काही वाचले आणि 'बायोप्सी केली की पसरतो' हा जुना समजही जोडीला होताच. पाच महिने इकडेतिकडे गेले. परत आल्या तेव्हा काखेत गाठी होत्या आणि कातडीला जखम. आधी जे ऑपरेशनने आणि शेकाने आटोक्यात आले असते, त्यासाठी आता केमो आधी आणि ऑपरेशन जमले तर नंतर. मेसेज पाठवणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

तुमच्या घरात कोणाला कॅन्सर असेल आणि विषाणूच्या उपचाराबद्दल विचारायचे असेल, तर जरूर विचारा. पण तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना, चालू उपचार न थांबवता. अधिकृत चाचणीत विषाणू मिळणार असेल तर ती नोंदणीकृत आहे का ते बघा. भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर ते कोणालाही पाहता येते. चाचणीतले औषध विकत घ्या म्हणून कोणी लाखो रुपये मागत असेल तर तिथून उठा.

आणि कॅन्सर आणि विषाणू यांच्या नात्याबद्दल खरेच उत्सुकता असेल, तर एक विषाणू आधीच आपल्या दारात आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. 2020 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो झाला आणि 77 हजारांहून जास्त दगावल्या. त्याच्यावर लस आहे, ती पुण्यातही बनते, आणि 9 ते 14 वयाच्या मुलींना ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते. 'विषाणूने कॅन्सर बरा' हा मेसेज दाखवणाऱ्यांना मी हल्ली विचारतो, घरात या वयाची मुलगी आहे का, आणि तिला ही लस दिली का. बहुतेक जण फोन खिशात ठेवतात.