तारेखालचा बगळा कुणाच्या खाती?



आज उपवासाचा पदार्थ नाही, लोणचं नाही. आज मला भांडायचं आहे, आणि तेही आपल्याशीच.

मार्चमधली गोष्ट. माझी नणंद वाशी नाक्याच्या पुढे माहुलकडे राहते. सासूबाईंना घेऊन तिच्याकडे चालले होते. मोठ्या मनोऱ्यांवरून उच्चदाबाच्या तारा जातात, त्यांच्या खाली रस्त्याच्या कडेला एक पांढरा बगळा पडला होता. एक पंख उलटा मुडपलेला, मान वळलेली, रक्ताचा थेंब नाही. टपरीवाला म्हणाला, "पडतात ताई अधूनमधून." सासूबाई म्हणाल्या, "त्याचं आयुष्यकर्म संपलं गं. णमोकार म्हण आणि चल."

मी णमोकार म्हटला आणि चालू लागले. नणंदेच्या घरून एका कार्यालयाला फोन लावला. "उन्हाने गेला असेल," एवढंच उत्तर मिळालं. संध्याकाळी परतताना पाहिलं तर तिथे चार पिसं उरली होती. बाकीचा कुत्र्यांनी नेला असावा.

तेव्हापासून तो 'पडतात' शब्द डोक्यातून जात नाही. आंबे पडतात, पानं पडतात. उडता, धडधाकट बगळा आपोआप पडत नाही. त्याचं मरण गूढ वाटतं, कारण त्याला उचलून पाहणारं कुणी नसतं. कुत्री, कावळे, झाडूवाले अर्ध्या दिवसात सगळं साफ करतात आणि मग आपण म्हणतो, कारण कळलं नाही.

खरं तर कारण कळण्यासारखं असतं. मी थोडं वाचलं, ते साध्या शब्दांत सांगते. एका तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही. तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, विजेला तिच्यातून जायला दुसरी वाट मिळत नाही. पण घारीचा किंवा वटवाघळाचा पंख त्याच वेळी दुसऱ्या तारेला किंवा खांबाच्या लोखंडाला टेकला, की जीव जागच्या जागी जातो. हे बहुतेक 11 किलोव्होल्टच्या लहान खांबांवर घडतं. मोठ्या मनोऱ्यांवर तारा एकमेकींपासून खूप लांब असतात. तिथे धोका धडकेचा. सगळ्यात वर, आकाशातली वीज झेलण्यासाठी, एक बारीक तार ओढलेली असते. ती लांबून दिसतच नाही. रोहित म्हणजे आपला फ्लेमिंगो, करकोचा, माळढोक यांचं अंग जड. झटकन वळता येत नाही. शिवाय डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरचं कमी दिसतं. रोहित लांबचा प्रवास बहुधा रात्री करतात. आता सांगा, ती तार त्यांना दिसणार कशी?

म्हणून पिसं जळलेली असली, पायावर काळा डाग असला, तर विजेचा धक्का. पंख किंवा मान मोडलेली आणि जळल्याची खूण नाही, तर बहुधा धडक. तपासणी झाली तर नक्की कळतं. माझ्या बगळ्याची तपासणी झाली नाही.

20 मे 2024 ची रात्र आठवते ना? आपल्या शेजारी, घाटकोपरच्या पंतनगरात, आकाशातून रोहित पक्षी कोसळले होते. दुबईहून येणाऱ्या विमानाची धडक बसून 39 रोहित मेले. तिथे मारणारं विमान होतं, तार नव्हे. पण पर्यावरणाचं काम करणाऱ्यांनी तेव्हा पुढचा प्रश्न विचारला: हे पक्षी आपली नेहमीची वाट सोडून तिकडे कसे आले? ठाणे खाडीच्या अभयारण्यातून नव्या उच्चदाब वाहिन्या गेल्या आहेत, त्यांनी वाट बदलली का? हे अभयारण्य 2015 साली जाहीर झालं आणि 2022 साली रामसर यादीत गेलं, म्हणजे जगाने मानलेली पाणथळ जागा. 39 एकदम मेले म्हणून प्रश्न निदान विचारला तरी गेला. एकेकटा मरणाऱ्यासाठी कोण विचारणार?

एकेकटे किती मरतात, त्याचा एक हिशेब राजस्थानातून आला आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटातल्या सुमारे 4,200 चौरस किलोमीटर भागात तारांखाली मोजणी केली. वर्षाला सुमारे 84,000 पक्षी, असा अंदाज निघाला. त्यात माळढोकही होते. माझं माहेर सोलापूरचं. नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि आज तिथे एखादा माळढोक दिसला तर ती बातमी होते. गवताळ रानं गेली, शेती आली, कारणं अनेक. पण देशात जे मूठभर उरले आहेत त्यांना तारांचा धोका मोठा आहे. म्हणून तर रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला 2021 साली तारा जमिनीखाली न्या, त्यांवर पक्ष्यांना दिसतील अशा खुणा लावा, असं सांगावं लागलं. 2024 साली न्यायालयाने तो आदेश बदलला, सरसकट सगळीकडे तारा पुरणं जमणार नाही हे मान्य केलं आणि तज्ज्ञांची समिती नेमली. पण पक्षी मरतात का, हा वाद तिथे नव्हताच. किती आणि कुठे करता येईल, एवढाच होता.

आता आपल्या घराकडे वळू.

आपण पाणी गाळतो. रात्री जेवत नाही. कांदा, बटाटा घरात येत नाही. पर्वात दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो. तिथे हिंसेची व्याख्या करताना आचार्यांनी प्रमाद पुढे ठेवला आहे: बेसावधपणे, गाफीलपणे दुसऱ्याचा प्राण जाणं. सासूबाई चुकीचं बोलल्या असं मी म्हणत नाही. आयुष्यकर्म आहेच. पण ते बगळ्याचं. माझा गाफीलपणा माझ्या खाती जमा होतो. त्याच्या कर्माचा आडोसा घेऊन मला माझ्या जयणेतून सुटता येणार नाही. आपण गाळून राहिलेले जीवसुद्धा जपून त्याच विहिरीत परत सोडणाऱ्या आज्यांच्या नाती आहोत. आपल्याच फ्रिजला, पंख्याला, मिक्सरला वीज आणणाऱ्या तारेकडे आपण एकदाही मान वर करून पाहिलं नाही!

आणखी एक बोलते, राग आला तरी चालेल. 2025 च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हा आपल्यातले किती जण रस्त्यावर उतरले! त्या वादात मी आज पडत नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की खाडीवरच्या पक्ष्यासाठी आपण कधी एक अर्ज तरी केला का? जो पक्षी आपल्या हातचे दाणे खातो तेवढाच जीव, असं कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे?

कुणी म्हणेल, मग काय दिवे बंद करून बसायचं? नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली होती, ते हाल मी विसरले नाही. मुंबईला वीज हवी आणि ती तारांतूनच येणार. पण तारेवर ठरावीक अंतराने चकत्या किंवा वेटोळी लावता येतात, म्हणजे ती पक्ष्याला दिसते. खांबावरच्या उघड्या जोडांना आवरण घालता येतं. खाडीच्या काठी, जमेल तिथे, तार जमिनीखाली नेता येते. पण कुठे लावायचं हे कळायला, कुठे मरतात याची नोंद हवी. आणि ती नोंद रोज त्या रस्त्याने जाणारं माणूसच करू शकतं. म्हणजे आपण.

म्हणून मी घरच्या हिशेबाच्या वहीत मागे चार पानं सोडली आहेत. तारेखाली पक्षी दिसला, तर तारीख, वेळ, जागा, मनोऱ्यावर लिहिलेला क्रमांक आणि एक फोटो. हात लावायचा नाही, रोगाने मेलेला असू शकतो. मग वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन. जिवंत असेल तर आधी फोन, णमोकार फोन करता करता. माहुल, वाशी नाका, ट्रॉम्बे, गोवंडीकडे राहणाऱ्या तुम्ही चौघी-पाचजणी जरी लिहायला लागलात, तरी वर्षभरात कुठल्या मनोऱ्याखाली पुन्हा पुन्हा पक्षी मरतात हे आपल्या हातात असेल. ते कागद घेऊन वन विभागाकडे आणि वीज कंपनीकडे आपण मिळून जाऊ.

माझ्या वहीतली पहिली ओळ त्या बगळ्याची आहे. मनोऱ्याचा क्रमांक मी त्या दिवशी पाहिला नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जाऊन लिहून आणला. या वेळी सासूबाई स्वतःहून बरोबर आल्या.