ल्यूपस : वरून न दिसणारे दुखणे



एरवी या सदरात पिकांवरील रोगांची माहिती असते. आज माणसाच्या एका रोगाविषयी लिहितो, कारण त्याचा उन्हाशी आणि शेतकामाशी थेट संबंध आहे. त्याचे नाव ल्यूपस.

रोगजंतूंना हुसकावणारी एक राखण आपल्या अंगात असते. ल्यूपसमध्ये ही राखण चोर सोडून घरच्यांवरच धावते. सांधे, कातडी, रक्त, मूत्रपिंडे यांना इजा होते. १० रुग्णांत सुमारे ९ स्त्रिया असतात, बहुतेक १५ ते ४४ वर्षांच्या. म्हणजे ऐन कामाच्या वयातल्या. हा रोग शिवाशिवीने पसरत नाही आणि करणीचा तर मुळीच नाही.

बाई वरून धडधाकट दिसते. पण सकाळी बोटे आखडतात, भाकरी थापवत नाही, धार काढायला मूठ वळत नाही. रात्रभर झोपूनही अंग गळालेले असते. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा उसळी येते. मग “काल तर चांगली हिंडत होतीस!” हे ऐकावे लागते. हा बोल दुखण्याहून जड होतो.

अशा रुग्णांची प्रकृती जोखायला डॉक्टर मंडळी ३६ प्रश्नांची एक यादी वापरतात. जिना चढवतो का, वाकता येते का, ओझे उचलते का, आंघोळ आपली आपण होते का, असे त्यात विचारतात. आपण घरी आपल्या कामांवरून टिपण ठेवावे : भरला हंडा कुठवर नेववला, उकिडवे बसून किती वेळ खुरपले, मूल कडेवर घेता आले का. “अंग दुखते” एवढेच सांगण्यापेक्षा हे टिपण डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडते.

सांधेदुखीसोबत गालांवर व नाकावर फुलपाखरासारखा लाल चट्टा, तोंडात फोड, केस गळणे, रेंगाळणारा ताप असेल तर जिल्ह्याच्या रुग्णालयात रक्त व लघवी तपासून घ्यावी. लघवीला फेस किंवा पायांना सूज आली तर एक दिवसही थांबू नये. मूत्रपिंडे धोक्यात असू शकतात. दुकानातून आणून वरचेवर घेतलेली दुखण्याची गोळी त्यांना आणखी अपाय करते.

रोग मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो. मुख्य औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मूळचे हिवतापावरचे. ते चालू असताना ठरल्या वेळी डोळे तपासावेत. स्टिरॉइडच्या गोळ्या बरे वाटले म्हणून एकदम बंद करू नयेत. मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

उन्हाने हा रोग चेततो. म्हणजे सकाळी हात चालत नाहीत आणि दुपारी ऊन सोसत नाही! तेव्हा सकाळची धार व पाणी पुरुषांनी उचलावे. निवडणे, टिपणे, बी-बियाण्यांचा हिशेब अशी सावलीतली कामे तिच्याकडे द्यावीत. रानात जायचेच तर ऊन कलल्यावर, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालून, डोक्या-तोंडावरून पदर घेऊन. आभाळ आले असले तरी हे पाळावे.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटे अळी.